मामांची रात्रपाळी आणि काकरापारची भट्टी

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात आमच्या मामांची केळी आहे. एप्रिलच्या शेवटी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा सकाळचे सहा वाजले होते आणि ते शेतातून नुकतेच परतले होते. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. ठिबकचे वॉल्व बदलायला रात्रीतून तीनदा उठायचं, बॅटरी घेऊन बांधावरून चालायचं, मोटार बंद पडली तर अंधारात डीपीपर्यंत जायचं. बिबट्याची धास्ती असतेच. मामा आता सदुसष्ट वर्षांचे आहेत.

चहा घेताना त्यांनी मोबाइलवरची एक बातमी दाखवली. 2047 पर्यंत देशात 100 गिगावॉट, म्हणजे एक लाख मेगावॉट, अणुवीज उभी करायचं सरकारनं ठरवलंय, अशी. आणि विचारलं, "हाई अणुनी वीज उनी म्हंजे मनी रातनी पाळी जाई का रे भाऊ?" (ही अणूची वीज आली म्हणजे माझी रात्रपाळी जाईल का, असं.)

मी भुसावळला शाळेत विज्ञान शिकवतो. तरी मला लगेच उत्तर देता आलं नाही. अणुवीज कशी तयार होते हे मी फळ्यावर दर वर्षी काढतो, पण मामांचा प्रश्न वेगळा होता. ती वीज कोणत्या वेळेला, किती आणि कुणाच्या कामाला येणार, असं ते विचारत होते. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण आपल्याकडे बऱ्याच जणांना ती माहीत नसते. अणुवीज म्हटलं की आपल्याला तारापूर आठवतं, नाही तर जैतापूरचा वाद आठवतो. दोन्ही समुद्राकाठी, आपल्यापासून दूर. पण आपल्याच तापीवर एक अणुवीज केंद्र आहे. तापी मुलताईला उगम पावते, बऱ्हाणपूरवरून हतनूर धरणात येते, भुसावळ, चोपडा, शिरपूर, सारंगखेडा, प्रकाशा करत नवापूरच्या बाजूला उकाई धरणाच्या फुगवट्यात शिरते. उकाईच्या खाली काकरापारचा बंधारा आहे आणि त्याच्याजवळ, गुजरातच्या हद्दीत, चार अणुभट्ट्या चालतात. पहिल्या दोन 220 मेगावॉटच्या, 1993 आणि 1995 पासून वीज देणाऱ्या. पुढच्या दोन 700 मेगावॉटच्या. त्या संपूर्ण भारतीय बनावटीच्या आहेत, आणि 700 मेगावॉट क्षमतेच्या देशातल्या पहिल्याच. त्यातली तिसरी भट्टी 2023 च्या जूनमध्ये आणि चौथी 2024 च्या मार्चमध्ये व्यापारी वीज द्यायला लागली. या केंद्राच्या विजेत महाराष्ट्राचाही वाटा असतो. म्हणजे आपल्या शिवारातून वाहून गेलेलं पाणी तिथल्या भट्ट्या थंड ठेवतं आणि थोडी वीज तारेवरून पुन्हा आपल्याकडे येते.

आता भट्टीत काय होतं ते बघू. भुसावळजवळचं दीपनगरचं औष्णिक केंद्र ज्यांनी आतून पाहिलंय, त्यांना अर्धं काम आधीच माहीत आहे. पाणी तापवायचं, वाफ करायची, वाफेनं टर्बाइन फिरवायचं, टर्बाइननं जनित्र. अणुकेंद्रातही हेच. फरक फक्त चुलीत आहे. दीपनगरच्या चुलीत कोळसा जळतो. काकरापारच्या चुलीत काही जळत नाही, तिथं अणू फुटतात.

युरेनियमचा एक प्रकार, युरेनियम 235, असा आहे की त्याच्या अणुगर्भावर न्यूट्रॉन आदळला की तो दुभंगतो. दुभंगताना उष्णता निघते आणि आणखी दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात. ते पुढच्या अणूंना जाऊन फोडतात. अशी साखळी चालू राहते. अडचण अशी की खाणीतून निघालेल्या युरेनियममध्ये हा फुटणारा प्रकार हजारात सातच अणूंइतका असतो. बाकी सगळे सहजी न फुटणारे. मग जे थोडे आहेत त्यांना न्यूट्रॉनने गाठावं कसं? न्यूट्रॉनचा वेग कमी केला तर गाठण्याची शक्यता खूप वाढते. त्यासाठी आपल्या भट्ट्यांत जड पाणी वापरतात. दिसायला साधं पाणीच, पण त्यातला हायड्रोजन दुप्पट वजनाचा असतो. ते न्यूट्रॉनचा वेग मोडतं आणि त्याला गिळून टाकत नाही. साधं पाणी काही न्यूट्रॉन गिळून टाकतं, म्हणून साध्या पाण्याच्या भट्टीला समृद्ध केलेलं, म्हणजे फुटणाऱ्या अणूंचं प्रमाण वाढवलेलं युरेनियम लागतं. भारतानं जड पाण्याची वाट धरली, कारण त्यात खाणीतलं युरेनियम जसं आहे तसं चालतं.

हे इंधन कसं दिसतं? हैदराबादला ते तयार होतं. युरेनियम ऑक्साइडच्या छोट्या गोट्या नळ्यांत भरतात आणि अशा 19 नळ्यांची एक जुडी बांधतात. काकरापारच्या जुन्या 220 मेगावॉटच्या भट्ट्यांत ही जुडी सुमारे अर्धा मीटर लांब आणि पंधरा-सोळा किलोची असते. एका माणसाला उचलता येईल एवढी. ती भट्टीत साधारण वर्षभर राहते आणि तेवढ्यात तिच्यातून सहा-साडेसहा लाख युनिट वीज निघते.

सहा लाख युनिट म्हणजे काय, ते भुसावळकराला कोळशाच्या भाषेत लगेच कळेल. एक युनिट वीज करायला आपल्याकडच्या कोळशाचे साधारण 650 ते 700 ग्रॅम लागतात. म्हणजे त्या एका जुडीचं काम करायला चारशे टनांहून थोडा जास्त कोळसा, सात वाघिणी भरून. रेल्वेच्या कोळशाच्या एका रेकमध्ये 58-59 वाघिणी असतात. म्हणजे आठ-नऊ जुड्या आल्या की एक अख्खी मालगाडी आली. आमच्या घरासमोरून दिवसरात्र या गाड्या जातात. लहानपणी मी डबे मोजायचो. 500 मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेनं चालला तर त्याला दिवसाला अशा दोन गाड्या लागतात, आणि भारतीय कोळशात राख तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त निघते. तीही कुठंतरी साठवावी लागते. अणुवीजेची ओढ देशांना का वाटते, हे या एका हिशेबात येतं. इंधन अगदी थोडं, धूर नाही, राखेचे डोंगर नाहीत.

मग भीती कशाची? भीती खरी आहे. तिला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणाऱ्यांशी माझं जमत नाही.

आपण शेतात वांग्याचं भरीत करतो तेव्हा कपाशीच्या काड्यांचा जाळ करून त्यात वांगी भाजतो. जाळ विझला तरी राखेत हात घालता येत नाही, आत धग असते. अणुभट्टीचंही असंच आहे, पण धग फार मोठी. भट्टी बंद केली, म्हणजे नियंत्रक दांडे आत सोडून न्यूट्रॉनची साखळी तोडली, तर ते काम काही सेकंदांत होतं. पण फुटलेल्या अणूंचे तुकडे स्वतःच किरणोत्सर्गी असतात आणि तेही उष्णता देत राहतात. बंद केल्याक्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते, दिवसभरानं अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. अर्धा टक्का ऐकायला कमी वाटतो. 700 मेगावॉट वीज देणाऱ्या भट्टीत तेवढी उष्णता म्हणजे दहा मेगावॉट, जवळपास दहा हजार इस्त्र्या एकदम तापत असल्यासारखी. ती पंपानं पाणी फिरवून सतत काढून न्यावी लागते. पंप थांबले तर इंधन वितळतं. 11 मार्च 2011 ला जपानमध्ये फुकुशिमाला हेच झालं. भूकंप झाल्यावर भट्ट्या नीट बंद पडल्या होत्या. नंतर आलेल्या त्सुनामीनं डिझेल जनित्रं बुडवली, पंप थांबले, आणि धगीनं बाकीचं केलं. चेर्नोबिलचं 1986 चं प्रकरण वेगळं होतं. तिथं भट्टीची रचनाच सदोष होती आणि चाचणी करताना साखळी हाताबाहेर गेली.

काकरापारनंही दोन धडे दिले आहेत. जून 1994 मध्ये अतिवृष्टीत पुराचं पाणी टर्बाइनच्या इमारतीत शिरलं. आणि फुकुशिमाला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, 11 मार्च 2016 ला, पहिल्या भट्टीतल्या एका शीतक नळीतून जड पाण्याची मोठी गळती झाली. भट्टी बंद झाली, केंद्राच्या आवारात आणीबाणी जाहीर झाली. बाहेर किरणोत्सर्ग मर्यादेपलीकडे गेला नाही असं अणुऊर्जा नियामक मंडळानं सांगितलं. त्यानंतर त्या भट्टीतल्या सगळ्या 306 नळ्या बदलल्या आणि ती 2019 मध्ये पुन्हा सुरू झाली. मला यात दोन्ही गोष्टी दिसतात. सुरक्षेची साखळी चालली, हे खरं. आणि दुरुस्तीला तीन वर्षं लागली, तेवढा काळ ती वीज मिळाली नाही, हेही खरं. 700 मेगावॉटच्या नव्या रचनेत भट्टी बंद झाल्यावर पंपाशिवाय, पाण्याच्या नैसर्गिक अभिसरणानं उष्णता काढण्याची जादा सोय केलेली आहे. गरम पाणी हलकं होऊन वर जातं, थंड होऊन खाली येतं, विजेशिवाय. फुकुशिमातून शिकायचं होतं ते नेमकं हेच.

वापरलेल्या इंधनाचा प्रश्न राहतोच. भारत ते थेट पुरत नाही. त्यातून प्लुटोनियम आणि उरलेलं युरेनियम वेगळं काढतो, आणि शेवटचा जहाल भाग काचेत गोठवून ठेवतो. आकारमान लहान, पण काळ हजारो वर्षांचा. यावर कायमचा तोडगा जगात फार थोड्या देशांनी प्रत्यक्षात आणायला घेतलाय.

आता मामांच्या प्रश्नाकडे येतो.

विजेचं एक वैशिष्ट्य आहे. धान्यासारखी ती सहजी कोठीत भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणी वापर, त्याच क्षणी निर्मिती. दोन्हींचा तोल ढळला की ग्रिडची, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्याची, 50 हर्ट्झची लय बिघडते. म्हणून कोणती वीज किती, याइतकंच कोणत्या वेळेची, हे महत्त्वाचं.

सौर वीज दुपारी भरपूर, संध्याकाळी सहानंतर शून्य. पावसाळ्यात ढगांवर. आमच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या टेकड्यांवर पवनचक्क्या आहेत. त्या पावसाळ्याच्या वाऱ्यात जोरात फिरतात, इतर महिन्यांत मंदावतात. पाण्याची वीज हवी तेव्हा सुरू-बंद करता येते, पण धरणात पाणी हवं. कोळशाचा संच कमी-जास्त करता येतो, पण हळूहळू आणि एका मर्यादेखाली नेता येत नाही. अणुभट्टी मात्र एकदा चालू केली की तिला दिवस, रात्र, ढग, वारा यांच्याशी देणंघेणं नसतं. महिनोन् महिने एका पातळीवर चालते. आपल्याकडे ती तशीच चालवतात, कारण तिचा जवळपास सगळा खर्च बांधकामात होतो, इंधनाचा थोडा. बंद ठेवली तरी कर्जाचं व्याज थांबत नाही.

मी मामांना विहिरीचं उदाहरण दिलं. सौर म्हणजे पावसाळ्यात भरलेलं शेततळं, अणुवीज म्हणजे बारमाही विहीर. विहीर खणायला वर्षं जातात, पैसा खूप, खडक लागला तर काम अडतं. पण एकदा झरा लागला की मे महिन्यातही तेवढंच पाणी. मामांनी लगेच पकडलं, "मग रात्री ज्याला पाणी पाहिजे त्यानं विहीर खणावी. मला तर रात्री नकोच आहे."

अगदी बरोबर. आणि इथंच उत्तर दडलंय. शेतीला रात्री वीज का मिळते? शेतीपंपांचा भार सरकवता येतो. कारखाना, दवाखाना, घरातले दिवे सरकवता येत नाहीत. म्हणून दिवसा भार जास्त आणि वीज अपुरी असायची तेव्हा शेतीचे फीडर, म्हणजे शेतीपंपांना वीज नेणाऱ्या वाहिन्या, आळीपाळीनं रात्रीवर टाकले गेले, जेव्हा कोळशाचे संच चालूच असत आणि घेणारं कुणी नसे. सौर वीज आल्यापासून हे गणित उलटं झालंय. आता दुपारी वीज जास्त आहे. 2023 पासून चाललेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 याच हिशेबावर उभी आहे. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प, त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला, दिवसा. मामांची रात्रपाळी जाईल ती या वाटेनं. काकरापारच्या वाटेनं नाही.

मग अणुवीज कुणासाठी? मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 च्या वर जातो आणि रात्री बारालाही भिंती तापलेल्या असतात. तेव्हा घराघरात पंखे, कूलर, एसी चालू असतात आणि सूर्य मावळलेला असतो. संध्याकाळी सातपासून पहाटेपर्यंतची ती मागणी दर वर्षी वाढतेय. आज ती मुख्यतः कोळसा भागवतो. देशात तयार होणाऱ्या दर शंभर युनिटांपैकी सत्तरच्या आसपास कोळशाची, अणुवीज तीनच. कोळसा कमी करायचा असेल तर रात्रीची ही पोकळी भरणारं काहीतरी हवं. एक वाट बॅटरीची, एक उंचावर पाणी चढवून ठेवण्याची, आणि एक अणूची. माझं मत विचाराल तर अणुवीजेची खरी भूमिका एवढीच आणि एवढी मोठी आहे: रात्रीचा आणि पावसाळ्याचा पाया. दुपारच्या सौर विजेशी तिनं स्पर्धा करायची नाही. दुपारी तर दोघी एकत्र आल्या की कोळशाला खाली बसावं लागतं, आणि उद्या सौर आणखी वाढली की अणुभट्ट्यांनाही दुपारी हात आखडता घ्यायला शिकावं लागेल. फ्रान्समध्ये तशा भट्ट्या चालवतात, कारण तिथली जवळपास दोन-तृतीयांश वीज अणूचीच आहे. उलट जर्मनीनं 15 एप्रिल 2023 ला शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या. एकाच खंडात एकमेकांना लागून असलेल्या दोन देशांनी दोन टोकांचे निर्णय घेतले. आपण त्यांतल्या एकाची नक्कल करण्यात अर्थ नाही.

आता 100 गिगावॉटचं. आज देशाची अणुवीज क्षमता सुमारे 8.8 गिगावॉट आहे. तारापूरला पहिली भट्टी 1969 मध्ये चालू झाली, तेव्हापासून छप्पन वर्षांत एवढी. उरलेली 91 गिगावॉट 2047 पर्यंत उभी करायची म्हणजे दर वर्षी 700 मेगावॉटच्या सहा भट्ट्या. काकरापारच्या तिसऱ्या भट्टीचं काँक्रीट नोव्हेंबर 2010 मध्ये पडलं आणि ती व्यापारी वीज द्यायला लागली 2023 मध्ये. जवळपास तेरा वर्षं. तिसरी-चौथी मिळून 22,500 कोटी रुपये खर्च आला, म्हणजे एका मेगावॉटला सोळा कोटी. सौरला मेगावॉटमागं चार-पाच कोटी लागतात, पण सौरचा एक मेगावॉट वर्षभराच्या सरासरीनं पाव मेगावॉटही देत नाही, आणि अणूचा आठ-नऊ दशांश देतो. तरी गणित अणूच्या बाजूनं आपोआप झुकत नाही, कारण बॅटरीचे दर झपाट्यानं उतरताहेत आणि तेरा वर्षांत ते आणखी कुठं जातील हे पाहूनच पैसे घालावे लागतील. वेळ हीच अणुवीजेची सगळ्यात मोठी किंमत आहे, असं मला वाटतं. त्या वेळात व्याज चढतं आणि जग पुढं जातं.

सरकारनं यावर दोन उपाय धरलेत. फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात लहान मॉड्युलर भट्ट्यांच्या संशोधनासाठी 20,000 कोटी ठेवले आणि 2033 पर्यंत निदान पाच भारतीय भट्ट्या चालू करायचं लक्ष्य ठेवलं. लहान भट्टीचा विचार असा की तिचे भाग कारखान्यात एकसारखे बनवायचे आणि जागेवर जोडायचे, म्हणजे वेळ वाचेल. कागदावर पटतं, पण जगात अजून अशा भट्ट्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. दुसरा उपाय कायद्याचा. डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं अणुऊर्जेसंबंधीचं शांती विधेयक मंजूर केलं आणि इतकी वर्षं सरकारी मक्तेदारी असलेल्या या क्षेत्रात खासगी कंपन्यांना दार उघडलं. अपघात झाल्यास भरपाई कुणी द्यायची याचे 2010 च्या कायद्यातले नियमही त्यात बदलले. भांडवल येईल, हे मान्य. पण भट्टी पुरवणाऱ्यावरची जबाबदारी जितकी सैल होईल, तितकी नियामक मंडळाची मान ताठ हवी. लोकांचा विश्वास कंपनीच्या जाहिरातीवर बसत नाही, स्वतंत्र तपासणीवर बसतो. जैतापूरला 1,730 मेगावॉटच्या सहा भट्ट्यांचा आराखडा इतकी वर्षं कागदावर आहे, त्याला दराचा वाद जितका कारण, तितकाच न बसलेला विश्वास.

थोरियमबद्दल मुलं मला हमखास विचारतात. केरळच्या वाळूत ते भरपूर आहे, हे खरं. पण थोरियम स्वतः फुटत नाही, त्याला आधी भट्टीत घालून युरेनियम 233 मध्ये बदलावं लागतं. त्यासाठी मधला टप्पा, कल्पाक्कमची 500 मेगावॉटची वेगळ्या धर्तीची भट्टी, आधी नीट चालायला हवी. मामांच्या हयातीत थोरियमची वीज मोठ्या प्रमाणावर येईल असं मी त्यांना सांगू शकत नाही.

मामांनी शेवटी जो प्रश्न विचारला, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. "आपल्याकडे काढतील का रे एखादी भट्टी? तापी आहे, जागा आहे."

मी त्यांच्यासमोर कागदावर हिशेब मांडला. अणुकेंद्राला वाफ थंड करायला पाणी लागतं, आणि उष्णतेचा तिसरा हिस्साच विजेत बदलत असल्यामुळे चांगल्या कोळसा केंद्रापेक्षा थोडं जास्तच लागतं. उंच शीतमनोऱ्यांतून एका युनिटमागं ढोबळमानानं अडीच लिटर पाणी वाफ होऊन उडून जातं. 700 मेगावॉटच्या दोन भट्ट्या दिवसभर चालल्या तर 3 कोटी 36 लाख युनिट, म्हणजे सुमारे साडेआठ कोटी लिटर पाणी रोज. उन्हाळ्यात केळीच्या एका खोडाला ठिबकनं रोज वीस लिटर धरले, तर ते 42 लाख खोडांचं पाणी झालं. साडेनऊशे हेक्टर केळी. जिल्ह्यातल्या एकूण केळीपुढं हा आकडा लहान आहे, आणि एका फटक्यात मोडीत काढण्यासारखा प्रश्न नाही. पण केळीचं पाणी टंचाईत एक पाळी चुकवता येतं, बाग वाळते आणि शेतकऱ्याचं नुकसान होतं, तरी धोका तिथंच थांबतो. भट्टीचं पाणी चुकवता येत नाही. मे महिन्यात हतनूरचा साठा तळाला जातो तेव्हाही तिला ते द्यावंच लागेल, बंद केली तरी धगीसाठी द्यावं लागेल. काकरापारला मागं उकाईचा प्रचंड साठा आहे. आपल्याकडे तसा नाही. शिवाय भट्टीभोवती किमान एक किलोमीटर वस्ती चालत नाही, आणि नर्मदा-तापीचा पट्टा भूकंपाच्या नजरेनं शांत नाही. 1997 मध्ये याच पट्ट्यात जबलपूरला मोठा धक्का बसला होता. आणि धरणांसाठी उठवलेल्या माणसांचं दुःख खान्देशला नवीन नाही. उकाईच्या पाण्यात नवापूरकडची गावं गेली, सरदार सरोवरात अक्कलकुवा-धडगावचे पाडे गेले. पुन्हा कुणाला जागा सोडायला सांगायची, तर आधी त्या जुन्यांचा हिशेब पूर्ण करावा लागेल.

मामांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवला. गावातल्या सोसायटीत दाखवतो म्हणाले. त्यांच्या फीडरवर सौर प्रकल्पासाठी जागेची पाहणी झाली आहे, पुढं काय झालं ते उपकेंद्रात विचारायला आम्ही दोघं सोमवारी जाणार होतो. त्या रात्री लाइट पुन्हा अकराला येणार होती, म्हणून जेवण झाल्याबरोबर ते झोपायला गेले.